अठरा इंचांचे परिमाण

अलीकडे आपल्या घरांतून गुणपत्रिका आणि शिकवणीबरोबर ‘रोबोटिक्स’ हाही विषय निघू लागला आहे. मुलाने किंवा मुलीने स्पर्धेसाठी रोबो करायचे ठरविले, की पालक दोन प्रश्न विचारतात : खर्च किती, आणि अभ्यासाचे काय? नियमपुस्तिका वाचली का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक सांगाड्याच्या पहिल्या कांबीची लांबी त्या पुस्तिकेतूनच ठरत असते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. तिचे यजमानपद पुण्याला दोनदा लाभले, २००८ आणि २०१४ साली. पहिल्या वेळचा खेळ आपल्या मातीतलाच होता. त्याचे नाव ‘गोविंदा’, आणि यंत्रांनी हंडीतले लोणी काढायचे! २०१४ चा विषय पालकत्वाचा होता. ‘पालक’ यंत्राने ‘बालक’ यंत्राला बागेतील सीसॉ, झोका, खांब अशा खेळण्यांवरून फिरवायचे. उचलले जायचे म्हणून बालकाचा सांगाडा हलका हवा आणि खेळण्यावर तोल सांभाळायचा म्हणून ताठही हवा. खेळाचे नियम असे थेट धातूच्या जाडीपर्यंत पोहोचतात.

शालेय वयाच्या, म्हणजे बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही स्पर्धा आहे. अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही स्पर्धा भारतातही होते. सामना अवघा अडीच मिनिटांचा. त्यातील पहिली तीस सेकंदे रोबोने स्वतःच्या बुद्धीने चालायचे, उरलेली दोन मिनिटे मुलांनी चालवायचे. सामना सुरू होतेवेळी संपूर्ण रोबो अठरा इंच लांब, अठरा इंच रुंद आणि अठरा इंच उंच अशा घनाकृतीत मावलाच पाहिजे. प्रत्यक्ष तेवढ्या मापाच्या पेटीत ठेवूनच तपासणी होते.

अठरा इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. नवशिके विद्यार्थी सांगाडाच ४५० मिलिमीटरचा कापतात आणि मापात बसला म्हणून आनंदतात. पुढे चाकाचा आस बाहेर डोकावतो, बोल्टचे डोके येते, वायरचा वळसा येतो, आणि यंत्र पेटीत अडते. म्हणून सांगाडा ४३० च्या आसपास धरून दोन्ही अंगांना तेरा-तेरा मिलिमीटर मोकळे ठेवणे शहाणपणाचे. परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक मर्यादा आधी ठरवितो आणि संसार त्या मर्यादेत बसवितो. सारे जमवून झाल्यावर सोयीची रेघ ओढण्याला कोणी व्रत म्हणत नाही. आपल्या मुलांना हा नियम समजायला म्हणूनच अवघड जाऊ नये.

धातूचा हिशोब तर व्यापाऱ्याच्या घरात तोंडीच व्हावा. २५ मिलिमीटर बाजूच्या आणि दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी ॲल्युमिनियम नळीचे वजन मीटरला सुमारे अर्धा किलो भरते. तीच नळी लोखंडाची घेतली तर जवळजवळ दीड किलो. तळाच्या चार बाजूंतच दीड-पावणेदोन किलोंचा फरक पडतो आणि तो मोटारींना सामनाभर ओढावा लागतो. मोटारींची संख्या नियमाने बांधलेली, बॅटरीही एकच, बारा व्होल्टची. लोखंड स्वस्त पडते हे खरे, परंतु ही बचत खोटी आहे. उलट ॲल्युमिनियम फार पातळ घेतले तर सांगाडा पिळतो, एक चाक जमिनीवरून उचलले जाते आणि रोबो सरळ जाण्याऐवजी एका बाजूला ओढतो.

जोडणीच्या वेळी गुण्या लावावाच, पण दोन्ही कर्णही मोजावेत. ४३० च्या चौरसाचा कर्ण ६०८ मिलिमीटर येतो. दोन कर्णांत फरक निघाला तर चौकट तिरकी आहे असे समजावे. बॅटरी आणि मोटारी जितक्या खाली, तितका रोबो कमी कलंडतो. कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट कराव्यात, कारण धारदार कड तपासणीत चालत नाही.

नगरकरांना हलक्या सांगाड्याचे महत्त्व काही परके नाही. हस्तीमलजी फिरोदिया यांच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली लुना येथेच तयार होत असे. आजही नागापूरच्या एमआयडीसीत कापणारे, वाकविणारे, छिद्रे पाडणारे कारागीर आहेत; लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत.

इथेच एक मोह होतो. ‘फॅब्रिकेटरला रेखाचित्र देऊ, दोन दिवसांत करून देईल, पैशांचे आम्ही पाहू,’ असे वडील सहज म्हणून जातात. माझ्या मते ही मदत नव्हे. परीक्षक प्रश्न विचारतात ते मुलांना : ही कांब इथे का, ही जाडी का, आधीचा नमुना का बदलला? ज्याने करवत धरली नाही, तो तेथे काय सांगणार? वडिलांनी दुकानाच्या मागची एक खोली, एक व्हाइस आणि रविवारची दुपार द्यावी. सोबत एक वही द्यावी; तिच्यात प्रत्येक सुट्या भागाचे वजन, माप आणि किंमत मुलांनी स्वतः मांडावी.

आणि पहिल्याच दिवशी, धातू आणण्यापूर्वी, आतून बरोबर अठरा इंचांचा खोका करून घ्यावा. तो प्लायवूडचाच हवा. पुठ्ठ्याच्या बाजू फुगतात, आणि न मावणारे यंत्रही त्यात मावल्यासारखे वाटते.