बाजूगाडीचे सुकाणू

मोटारसायकलीला बाजूगाडी जोडली की ती धड मोटारसायकल राहत नाही आणि मोटारही होत नाही. दोन चाकांची गाडी वळणावर अंग झुकवते आणि आपण न सांगता वळते. तिसरे चाक आले की झुकणे संपले; मग हँडल जोर लावून वळवावे लागते. त्यातून आपल्याकडे बाजूगाडी डावीकडे. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे जाते, आणि डाव्या वळणावर घाई केली तर रिकामी बाजूगाडी चक्क जमीन सोडते. १९७५ च्या ‘शोले’मध्ये दोन मित्र गात गात अशी गाडी हाकतात, तेव्हा प्रेक्षकाला यातले काही जाणवत नाही!

मराठी शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत पडावेच का, असे वाचक विचारतील. पडावे लागले ते आईमुळे. तिचे वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळे एस. टी. ची पायरी तिला चढवत नाही आणि मागच्या सीटवर बसवत नाही. पण पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचे, हा तिचा जुना नेम. आमच्या बुलेटच्या बाजूगाडीत मात्र ती पाय लांब करून, मांडीवर प्रसादाची पिशवी घेऊन ऐसपैस बसते. कोल्हापूर ते वाडी आणि परत, असा हा प्रवास गेली चार वर्षे चालला होता.

यंदा माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, “ही गाडी चालवणे सोडा, नाहीतर तिचे हँडल तरी हलके करून घ्या.” आईला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “राहू दे रे. देव घरातही आहे.” तिने हे इतक्या शांतपणे म्हटले, की मला उद्यमनगरात जाणे भाग पडले.

तिथल्या मिस्त्रींनी आधी मला धडा दिला. हँडलचा कणा ज्या रेषेत तिरका उतरतो, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंतले अंतर म्हणजे ‘ट्रेल’. दवाखान्यातल्या ढकलगाडीचे चाक जसे आपल्या खुंटीच्या मागे फरपटत सरळ होते, तसेच हे. ट्रेल असला की दुचाकी सरळ धावते. पण तोच ट्रेल बाजूगाडीला जड पडतो, कारण प्रत्येक वळणावर त्याच्याशी झगडावे लागते. मिस्त्रींनी फळी आणि ओळंबा लावून मोजले. आमचे अंतर जवळजवळ चार इंच भरले.

“सर, हे दोनावर आणू. म्हणजे लहान पोर पण वळवंल,” मिस्त्री म्हणाले.

त्यावरचा उपाय म्हणजे ‘लीडिंग लिंक’ पुढा. यात चाकाचा आस दोन आडव्या भुजांच्या पुढच्या टोकांना असतो आणि भुजांची बिजागरी चाकाच्या मागे असते. आस पुढे सरकला की चाकाचा टेकण्याचा बिंदूही पुढे येतो आणि ट्रेल कमी होतो. शिवाय दोन्ही भुजा मागून एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे आडव्या जोराने त्या साध्या दुर्बिणी नळ्यांसारख्या पिळवटत नाहीत. अर्ल्स नावाच्या इंग्रज कारागिराच्या नावाने हा पुढा प्रसिद्ध झाला. बी. एम. डब्ल्यू. ने तो १९५५ पासून १९६९ पर्यंत वापरला, आणि बाजूगाडीवाल्यांसाठी बिजागरीची दुसरी जागाही ठेवली. रशियातल्या इर्बिट गावी जन्मलेल्या ‘उराल’ गाड्यांनाही असाच पुढा असतो.

नवा करवून घेणे खिशाला परवडणारे नव्हते. एका गृहस्थांकडे बुलेटसाठीच बनवलेला, वापरलेला पुढा होता. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, कोणाच्या हातून काय काय भोगलेलं हे लोखंड! आणि त्यावर आईंना बसवणार?” प्रश्न रास्त होता. म्हणून ‘आधी तपासणी, मग पैसे’ असे ठरवूनच आणला.

मिस्त्रींनी रंग खरवडला. वेल्डिंगच्या जोडांवर रॉकेल लावून रात्रभर ठेवले. सकाळी ते कोरडे पुसून वर खडूची पूड फासली. भेग असली तर आत मुरलेले रॉकेल खडूतून वर येते. तीन जोड स्वच्छ निघाले. चौथ्यावर, डाव्या भुजेच्या बिजागरीपाशी, केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत; मीही नाही. दोन्ही भुजा मोडीत काढून जाड नळीच्या नव्या करवल्या. मालकांनी रेघ पाहिली आणि आपण होऊन निम्मी किंमत सोडली. बुश नवे घातले. ब्रेकची तबकडी भुजेला न बांधता वेगळ्या दांडीने वर अडकवली, नाहीतर ब्रेक दाबताच गाडीचे नाक वर उठते. कमी ट्रेलमुळे मंद वेगात हँडल थरथरते, म्हणून त्याला आवरणारा दट्ट्याही बसवला. मूळ रचनेत बदल करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली येते. तेव्हा रीतसर परवानगी घेतली आणि मगच गाडी रस्त्यावर काढली.

त्याआधी एका मोकळ्या मैदानावर बाजूगाडीत वाळूची पोती ठेवून दोन रविवार फिरवली. हँडल खरोखर दोन बोटांनी वळू लागले. परवानगी आल्यावर पहिली फेरी आईची नव्हे. सौभाग्यवती स्वतः बसल्या. पन्हाळ्याच्या वळणांवरून खाली आल्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, “आता आईंना सांगा.”

आश्विनातल्या पौर्णिमेला आम्ही वाडीला गेलो. परतताना आई झोपली होती. शिरोळच्या पुढे जागी झाली आणि म्हणाली, “आज तू रस्ताभर बोलत होतास रे. पूर्वी नुसता दात आवळून असायचास.”