सिलिका आणि नैसर्गिक रबर

नैसर्गिक रबर गंधक घालून शिजवले की चिवट आणि लवचिक होते; पण नुसते तेवढे रबर रस्त्यावर लवकर झिजते. म्हणून त्यात अतिसूक्ष्म भुकटी मिसळतात. विसाव्या शतकात हे काम मुख्यतः काजळीने, म्हणजे कार्बन ब्लॅकने केले. सिलिका ही त्याच कामाची दुसरी भुकटी.

धाराशिव जिल्ह्याच्या कोरड्या हवेत रबराचे झाड होत नाही. महाराष्ट्रात त्याची लागवड सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात आहे. पण गळीत हंगामात धाराशिवातल्या तेरणा नदीकाठचा ऊस कारखान्यावर पोचतो तो ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि टायरगाड्यांच्या रबरावर. खडीच्या रस्त्यावर टायरला चिरा पडतात, रबराचे टवके उडतात. अशा जड टायरच्या रबरात काजळीसोबत थोडी सिलिका घातली, तर चीर पुढे सरकणे अवघड होते.

सिलिकाचे मूळ कण नॅनोमीटरच्या मापातले असतात. एक ग्रॅम सिलिकाचा पृष्ठभाग शंभर ते दोनशे चौरस मीटर भरतो, आणि रबराचे रेणू जितक्या जागी त्याला धरतील तितके बळ वाढते. अडचण इथेच आहे. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात. ते पाण्याशी आणि एकमेकांशी जवळीक करतात; हायड्रोकार्बन असलेल्या रबराशी नाही. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. शिवाय शिजण्याचा वेग वाढवणारी रसायनेही हा पृष्ठभाग शोषून घेतो, आणि रबर शिजायला उशीर लागतो.

यावरचा उपाय म्हणजे सिलेन. त्याचे इथॉक्सी टोक सिलिकाशी रासायनिक बंध जोडते आणि गंधकाचा भाग रबराशी. हा रेणू खरोखर विलक्षण आहे: परस्परांना नाकारणारे दोन पदार्थ तो कायमचे बांधतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशेलिनने याच जोडणीवर कमी इंधन खाणारा कारटायर बाजारात आणला. कणांची आपसातली घासाघीस घटल्याने चाक फिरताना उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा कमी झाली, ओल्या रस्त्यावरची पकडही टिकली.

तो टायर मात्र मुख्यतः कृत्रिम रबराचा होता. नैसर्गिक रबरात चिकातली प्रथिने उरतात, ती सिलिकाच्या पृष्ठभागावर बसतात आणि सिलेनची जागा अडवतात. मिक्सरमधले तापमानही काटेकोर सांभाळावे लागते. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या खाली जोडणी अपुरी राहते. १६० च्या वर गंधकाचा भाग अवेळी सुटतो आणि रबर मिक्सरमध्येच शिजू लागते. जोडणीत बाहेर पडणारे इथेनॉल वाफेवाटे काढावे लागते, सिलेनचा खर्च वेगळाच. त्यामुळे नैसर्गिक रबरावर बेतलेल्या ट्रक-ट्रॅक्टरच्या टायरमध्ये काजळीच प्रमुख राहिली आहे. प्रथिने काढलेले रबर आणि नव्या धाटणीची सिलेने यांवरचे संशोधन हाच अडथळा दूर करण्यासाठी चालले आहे.