पंचकर्म सेंटर सुरू करताय? बोर्डाच्या आधी फाईल लावा

पंचकर्म, योगोपचार, ॲक्युप्रेशर असं छोटं सेंटर टाकायचं म्हटलं की आपण आधी जागा, टेबल, तेलं आणि बोर्डाचा खर्च काढतो. क्लायंटच्या नोंदींसाठी मात्र एक शंभर पानी वही आणतो आणि तारखेनुसार नावं लिहायला सुरुवात करतो. पहिले दोन महिने भागतं. तिसऱ्या महिन्यात एखाद्या काकू परत येतात, "मागच्या वेळेसारखंच करा हो" म्हणतात, आणि मागच्या वेळी काय केलं होतं ते शोधायला चाळीस पानं उलटावी लागतात.

वही तारखेची असते. आपल्याला माणसाची फाईल हवी.

मी दुकानदार माणूस. उधारीच्या वहीत एखादी ओळ राहिली तर दोनशे रुपये जातात, विषय संपला. तुमच्याकडे ओळ राहिली तर समोरच्याला इजा होऊ शकते. बऱ्याच वर्षांचा डायबेटिस असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. गरम पोटलीचा शेक जास्त होतोय हे त्या माणसाला कळतच नाही, मग तो सांगणार काय? नेहमीच्या थेरपिस्टला हे माहीत असतं. ती सुट्टीवर गेली, नवीन मुलगी आली आणि फाईलवर काहीच लिहिलेलं नाही, तर पाय भाजल्यावरच कळेल. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, तिळाच्या तेलाची ॲलर्जी, यांचंही तेच.

म्हणून पहिल्या पानावर सगळ्यात वर लाल पेनाने एक चौकट आखा आणि त्यात फक्त अशा गोष्टी लिहा. ती कधीच रिकामी ठेवायची नाही. काही नसेल तर "विचारलं, काही नाही" असं लिहून तारीख टाका. रिकामी चौकट म्हणजे खरंच काही नाही, की कुणी विचारलंच नाही, हे दुसऱ्या माणसाला कसं समजणार? आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत विचारा, गोळ्या बदलतात.

आता फाईल लावायची कशी? नंबरने. ०००१ पासून सुरू करा. एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. नावाने लावलं तर एकाच गल्लीत तीन सुनीता पाटील निघतात, शिवाय लग्नानंतर आडनाव बदलतं. मोबाईल नंबरही नको, कारण सासूबाई, सून आणि नात तिघींसाठी घरातला एकच नंबर दिलेला असतो. एक्सेलमध्ये एक साधी यादी करा: फाईल नंबर, नाव, मोबाईल, पहिली भेट, शेवटची भेट. यादीत नाव शोधायचं, कपाटातून नंबर काढायचा. सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. कागदावर ज्याची शिस्त बसत नाही त्याची सॉफ्टवेअरवरही बसत नाही, असं माझं मत.

प्रत्येक भेटीला चार-पाच ओळी पुरतात. आज काय त्रास सांगितला, काय केलं, कोणतं तेल, किती मिनिटं, पुढे काय. "बरं वाटलं" ही नोंद नाही. "खुर्चीतून उठताना आज हात टेकावा लागला नाही" ही नोंद आहे, कारण पुढच्या वेळी तिच्याशी तुलना करता येते. दिवसाला १२ क्लायंट, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं. ही वेळ रात्री दुकान बंद करताना मिळत नाही (मिळते म्हणणाऱ्यांची फाईल बघा एकदा). ६० मिनिटांच्या सेशनला ७० मिनिटांची वेळ द्या आणि तिथल्या तिथे लिहा.

पॅकेजचं कार्ड मात्र वेगळं ठेवा. १० सिटिंगचे पैसे आधी घेतलेत, क्लायंट म्हणतो सहा झाले, तुम्ही म्हणता सात. प्रत्येक सिटिंगनंतर तारीख आणि त्यांची सही घेतली की वाद संपतो. आणखी एक फायदा म्हणजे काउंटरवरच्या मुलीला हे कार्ड पुरतं, कुणाला काय आजार आहे हे तिला वाचायची गरज नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, व्हॉट्सॲप. रिपोर्टचे फोटो, पाठीचे फोटो, तक्रारी, सगळं थेरपिस्टच्या खाजगी फोनवर येत असतं. ती नोकरी सोडून गेली की हे सगळं तिच्यासोबत जातं. सेंटरचा वेगळा फोन आणि नंबर घ्या, आलेला रिपोर्ट फाईलला लावा आणि चॅटमधून काढून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. फक्त कागदावर राहणारी नोंद त्यात येत नाही, पण तीच एक्सेलमध्ये टाकली की येते. म्हणून पहिल्याच दिवशी मराठीत दोन ओळींची संमती घ्या: माहिती कशासाठी घेतोय आणि कोण बघणार. 'आधी-नंतर'चे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर त्याची सही वेगळी. अठरा वर्षांखालचा क्लायंट असेल तर आई-वडिलांची.

ज्यांचं सेंटर आधीच चालू आहे त्यांनी जुन्या वह्या उतरवत बसू नका. जो क्लायंट परत येईल त्याची त्या दिवशी नवी फाईल उघडा, जुन्या पानाचा फोटो छापून आत लावा आणि लाल चौकट त्याला समोर बसवून भरा.