आतला रंग

लेकीकडे टेक्सासला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. शेजारचे गृहस्थ रोज दुपारी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून काहीतरी रंगवत बसलेले दिसत. एकदा त्यांनीच आत बोलावलं. पाहतो तर समोर रायफलीची चार मॅगझिन्स! मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून अडकवायची, तीस गोळ्या मावणारी बाकदार पेटी. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही येतात, त्यामुळे मी जरा दचकलोच. तिथे मात्र हा चक्क छंद आहे.

मॅगझिन्स नवी, काळ्या प्लास्टिकची, स्वस्तातली होती. त्यांना रूप द्यायचं होतं ते सोव्हिएत काळातल्या एके-७४ रायफलीच्या मॅगझिनचं. ती जुनी मॅगझिन्स विटकरी-नारिंगी रंगाची असतात. राळेत काचेचे तंतू मिसळून ती साच्यात दाबून काढत, त्यामुळे अंगावर गडद-फिकट छटा उमटत आणि एकासारखं दुसरं दिसत नसे. आता ती जमवणाऱ्यांना हवीशी झाली आहेत आणि नव्याच्या कितीतरी पट किंमत मागतात.

म्हणून हा खटाटोप. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढायचा. मग बारीक पॉलिशपेपर मारायचा, म्हणजे रंग धरतो. त्यावर विटकरी रंगाचे पातळ हात, वाळल्यावर स्पंजच्या तुकड्याने तपकिरी टिपके आणि शेवटी पारदर्शक वॉर्निश. लांबून ओळखू येत नाही. ओरखडा पडला की मात्र खालचा काळा रंग दिसतो. अस्सलाचा रंग आतपर्यंत तोच असतो.

शौकीन मंडळी या जुन्या मॅगझिनला 'बेकेलाइट' म्हणतात. काटेकोरपणे पाहिलं तर ते बेकेलाइट नव्हे, त्याच्या जातीचं दुसरं प्लास्टिक. आणि खुद्द बेकेलाइट तरी काय होतं? बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनतज्ज्ञ लिओ बेकलंड अमेरिकेत लाखेला पर्याय शोधत होते. विजेच्या उपकरणांत निरोधक म्हणून लाख लागे आणि ती प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात. १९०७ साली बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवलं. आपल्या घरातले काळे टेलिफोन, विजेची बटणं, जुने रेडिओ त्याचेच. म्हणजे काल लाखेच्या जागी आलेला पर्याय आज मोलाचा झाला आणि त्याच्या भावंडाचं सोंग आता रंगाने वठवलं जात होतं.

लाख म्हटलं की मला बँकेतलं सोनेतारण आठवतं. दागिन्यात भरलेली लाख आमचे सराफ वजनातून वजा करत. त्यात लपवाछपवी नव्हती, देणाऱ्या-घेणाऱ्याला ती ठाऊक असे. पण एकदा एक विधवा बाई मुलाच्या शिक्षणासाठी पाटल्या घेऊन आल्या. सराफांनी कसोटीवर ओढून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. वर मुलामा, आत तांबं. बाई म्हणाल्या, "साहेब, वीस वर्षं हातात आहेत हो!" त्या खोटं बोलत नव्हत्या. ज्याने सोनं म्हणून विकल्या, तो केव्हाच नामानिराळा झाला होता. मला कर्ज नाकारावं लागलं.

हे मनात होतं, म्हणून त्या गृहस्थांना विचारलं, "उद्या कुणी ही अस्सल म्हणून विकली तर?"

ते हसले. एका मॅगझिनची खालची पट्टी सरकवून त्यांनी आतली बाजू दाखवली. पांढऱ्या रंगात बारीक अक्षरांत वर्ष होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'घरी रंगवलेले'.

"मी गेल्यावर मुलं हे सगळं विकून टाकतील," ते म्हणाले, "घेणाऱ्याला कळायला नको का?"

त्या पाटल्यांच्या आतल्या बाजूला कुणी असं एखादं अक्षर कोरून ठेवलं असतं तर, असं वाटत राहिलं. बाईंनी त्या कदाचित तरीही हौसेनं घातल्या असत्या. फक्त मुलाची फी त्यांच्या भरवशावर ठेवली नसती.