लाकडावरची गुलाबी वाटी

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. पावसाळ्यात काळदुर्गाकडे निघालेल्यांची नजर वर असते. वाटीच्या आकाराची बुरशी बघायची तर खाली, दाट सावलीतल्या ओढ्याकाठी पडलेल्या ओल्या, कुजक्या फांद्यांवर शोधावं लागतं. सह्याद्रीच्या जंगलात अशी गुलाबी किंवा केशरी वाटी दिसली, तर ती बहुधा ‘कुकिना’ असते. मॉर्डिकाय कुक या इंग्रज बुरशीतज्ज्ञावरून हे नाव पडलं.

रंगावर जाऊ नका

रंग हीच सगळ्यात फसवी खूण. कोवळी गुलाबी वाटी जून झाली की फिकटते, आणि एकाच जातीत पिवळट, केशरी, लालसर अशा छटा सापडतात. इंटरनेटवरच्या फोटोंतली लालभडक वाटी पुष्कळदा युरोपातली ‘सार्कोसायफा’ असते. ती तिकडे थंडीत उगवते, आपल्याकडची पावसात.

मग बघायचं काय?

वाटी बाजूने बघा. कुकिनाला बारीक देठ असतो आणि बाहेरच्या अंगाला केस. ‘कुकिना ट्रायकोलोमा’चे केस लांब आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे, ‘स्पेसिओसा’चे आखूड, काठाजवळ दाटलेले, त्यासाठी भिंग लागतं. जातीवर शिक्कामोर्तब मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघूनच होतं.

आतली गुळगुळीत बाजू म्हणजे या बुरशीचा कारखाना. तिथल्या प्रत्येक सूक्ष्म पिशवीत आठ बीजाणू असतात. पिकलेल्या वाटीवर हलकी फुंकर घालून बघा: कधीकधी असंख्य पिशव्या एकदम फुटतात आणि वाटीतून धूर निघाल्यासारखा दिसतो. बीजाणू वाऱ्यावर जातात ते असे.

दोन तोतये

देठ जवळपास नाही, केस नाहीत, चकती पसरट आणि जांभळट-लाल, तर ती ‘फिलिप्सिया’. करड्या-तपकिरी इवल्या वाटीत मसुरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान ‘अंडी’ दिसली, तर ते ‘सायथस’. या अंड्यांत बीजाणू असतात आणि पावसाचा टपोरा थेंब ती बाहेर उडवतो. आकार वाटीचा असला तरी सायथसचं कूळ वेगळं, छत्रीवाल्या अळंब्यांच्या जवळचं.

खायची का?

नाही. बाजारात ओळखीची अळंबी मिळते, ती खावी.

खाण्याऐवजी तिचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि लाकडासकट. शेजारी नाणं ठेवलं तर आकार कळतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे. तिथल्या किंवा जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकालाही असेच फोटो उपयोगी पडतात. वाटी उपटू नका आणि ते कुजकं लाकूड सरपणाला उचलू नका. बुरशीचं खरं अंग लाकडाच्या आतच पसरलेलं असतं.