विश्लेषण : पडद्यावर सारे हिरवे, तरी ‘सिस्टिम स्लो’ का?

बँकेच्या काउंटरवर ‘सिस्टिम स्लो आहे’ असे उत्तर मिळते, त्याच वेळी डेटा सेंटरमधील देखरेखीच्या पडद्यावर मात्र सगळी उपकरणे हिरवी दिसतात. असे घडण्याचे एक कारण म्हणजे पडद्यावरची माहिती काही मिनिटे शिळी असणे. हा दोष अनेकदा सेटिंगमध्ये असतो.

देखरेख कशावर?

बँका, रुग्णालये आणि मोठ्या कंपन्यांमध्ये सर्व्हर आणि डेटा साठवणारी उपकरणे यांना जोडणारे स्वतंत्र जाळे असते. त्याला स्टोरेज एरिया नेटवर्क किंवा ‘सॅन’ म्हणतात. देखरेखीचे सॉफ्टवेअर या जाळ्यातील स्विचना ठरावीक वेळाने त्यांची स्थिती विचारते. हे झाले ‘पोलिंग’.

पोलिंग आणि रिफ्रेश एकच का?

नाही. पोलिंगमध्ये उपकरणाकडून ताजी माहिती येते. रिफ्रेशमध्ये सॉफ्टवेअरने साठवलेली माहिती पडद्यावर पुन्हा आणली जाते. पोलिंग दर ५ मिनिटांनी आणि रिफ्रेश दर १० सेकंदांनी ठेवल्यास तीच माहिती पडद्यावर ३० वेळा येते. धावसंख्या षटक संपल्यावरच भरली जात असेल, तर क्रिकेटचे अॅप कितीदाही रिफ्रेश केले तरी चेंडूगणिक धावा दिसणार नाहीत, तसेच हे.

५ मिनिटांत काय निसटते?

समजा, एका पोर्टवर १ मिनिट १०० टक्के आणि पुढची ४ मिनिटे १० टक्के भार होता. ५ मिनिटांची सरासरी येते २८ टक्के. इशाऱ्याची मर्यादा ८० टक्के असेल, तर ग्राहक खोळंबूनही इशारा वाजत नाही.

जुन्या ३२ बिटी काउंटरची अडचण वेगळी. तो सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर शून्यावर येतो. १ गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल, तर त्याला जेमतेम ३४ सेकंद लागतात. ५ मिनिटांनी घेतलेल्या आकड्याला मग अर्थ उरत नाही. म्हणून ६४ बिटी काउंटर हवेत. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीत ते नाहीत. तिसऱ्या आवृत्तीत त्यांच्यासोबत एन्क्रिप्शनही मिळते.

मग दर सेकंदाला का विचारू नये?

१,००० पोर्टचे प्रत्येकी २० आकडे दर १० सेकंदांनी घेतले, तर सेकंदाला २,००० नोंदी होतात. स्विचच्या व्यवस्थापन प्रोसेसरवर ताण येतो, डेटाबेस फुगतो. उत्तर उशिरा आले की धडधाकट स्विचही ‘बंद’ दिसू शकतो. असे खोटे इशारे वाढले की कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतात.

सेटिंग कसे असावे?

* महत्त्वाच्या पोर्टचा भार मिनिटाला किंवा त्याहून लवकर, इतरांचा ५ मिनिटांनी तपासावा. उपकरणांची यादी आणि फर्मवेअरची माहिती काही तासांनी घेतली तरी चालते.
* जोडणी तुटल्यास उपकरणानेच कळवावे, यासाठी ‘ट्रॅप’ सुरू ठेवावा. मात्र ट्रॅपची पोच मिळत नाही, तो वाटेत हरवू शकतो. त्यामुळे पोलिंग बंद करू नये.
* पडद्यावर ‘शेवटची नोंद’ कधीची हे दिसावे. उत्तर न देणारे उपकरण हिरवे राहू नये, ‘स्थिती अज्ञात’ असे दिसावे.

सेटिंग बदलल्यावर चाचणीच्या पोर्टची केबल काढून पाहावी. इशारा यायला जितका वेळ लागला, तितका वेळ खऱ्या बिघाडाचा पत्ताही लागणार नाही.