मोडेम बदलला आणि घर अनोळखी झाले

डिसेंबर महिन्यात न्यू जर्सीत दुपारी साडेचारच्या सुमारासच सूर्यास्त होतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी राहावयास गेलेल्या आई-वडिलांना तेथील घराच्या शिस्तीची हळूहळू सवय होते. अंधारू लागताच पोर्चमधला दिवा आपोआप लागतो, रात्री कोणी उठले की पॅसेजमध्ये मंद उजेड पडतो, अकरा वाजता तळघरातील विसरलेले दिवे मालवतात. आणि एके संध्याकाळी यातले काहीच घडत नाही. मुलगा व सून कामावर, पायऱ्यांवर बर्फ, आणि फोनमधील अ‍ॅप ‘उपकरण प्रतिसाद देत नाही’ एवढेच सांगून मोकळे होते.

अशा वेळी एक गोष्ट मात्र चक्रावून टाकते. जिन्याचा दिवा खालच्या बटणाने लावून वरच्या बटणाने मालवता येतो. तो पूर्वीसारखाच चालतो. मग बिघडले तरी काय? या एका प्रश्नात निम्मे निदान दडलेले आहे.

अमेरिकेतील अनेक जुन्या ‘स्वयंचलित’ घरांत इन्स्टिऑन ही पद्धत आढळते. घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठविण्याची कल्पना त्याही आधीची. स्कॉटलंडमध्ये 1975 साली जन्मलेल्या एक्स-टेन पद्धतीत ती होती. तीत घराचा संकेत 16 अक्षरांपैकी एक आणि उपकरणाचा 16 आकड्यांपैकी एक, म्हणजे एकंदर 256 पत्ते. ते हाताने लावावयाचे असल्याने उपकरण बदलले तरी पत्ता तोच ठेवता येई. 2005 मध्ये आलेल्या इन्स्टिऑनने तारांच्या जोडीला रेडिओलहरी घेतल्या आणि प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच कायमचा क्रमांक दिला. असे 1,67,77,216 क्रमांक शक्य आहेत. सोय मोठी, पण पुढील अडचणीचे मूळही तेच.

या पद्धतीत दोन उपकरणांचे नाते दोन्हीकडे नोंदलेले असावे लागते. आज्ञा देणाऱ्याच्या वहीत पाळणाऱ्याचा क्रमांक आणि पाळणाऱ्याच्या वहीत आज्ञा देणाऱ्याचा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा द्विनोंदी लेखापद्धतीचाच प्रकार वाटेल. जिन्याच्या दोन बटणांच्या वह्या त्यांच्यापाशीच असल्याने मध्यस्थ नसतानाही ती एकमेकांना ओळखतात. वेळापत्रके, सूर्यास्ताचे गणित आणि फोनवरून येणाऱ्या आज्ञा मात्र कंट्रोलरमध्ये असतात. कंट्रोलरचे बोलणे घरापर्यंत पोहोचविणारे तोंड म्हणजे भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचलेला मोडेम. जिना चालतो आणि पोर्च चालत नाही, तर संशय आधी त्याच्यावरच घ्यावा.

हा मोडेम वर्षानुवर्षे दिवसरात्र चालू असतो. त्यातील कपॅसिटर उष्णतेने हळूहळू निकामी होतात. आधी अधूनमधून आज्ञा चुकतात, मग एके दिवशी तो अबोल होतो. नवा मोडेम आणून बसविणे हे दहा मिनिटांचे काम. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण नव्याचा क्रमांक वेगळा असतो आणि घरातील प्रत्येक बटणाच्या वहीत अजून जुन्याचेच नाव असते.

2020 च्या एप्रिलमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या, तो काळ वाचकांना आठवत असेल. पैसे सुरक्षित होते, खातेही होते. पण अनेकांचे आयएफएससी क्रमांक पुढे बदलले आणि ज्या ज्या ठिकाणी जुना क्रमांक दिला होता, त्या प्रत्येक ठिकाणी नवा कळवावा लागला. मोडेमचे तसेच आहे. येथे घाईने केली जाणारी मोठी चूक म्हणजे प्रत्येक उपकरण मूळ स्थितीत नेणे, म्हणजेच फॅक्टरी रीसेट. वह्या जाळून हिशेब जुळत नाही! त्याने जिन्याचे चांगले चाललेले नातेही पुसले जाते.

शहाणपणाची रीत संथ आहे. कंट्रोलर चालू असतानाच त्याचा बॅकअप घ्यावा. जुन्या मोडेमवरील क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. कंट्रोलर बंद करून मोडेम बदलावा, आधी मोडेमला वीज द्यावी, मग कंट्रोलर सुरू करावा. त्यानंतर कंट्रोलरमधील मोडेम पुनर्स्थापनेची सोय वापरली की तो एकेका उपकरणाच्या वहीतील जुना क्रमांक काढून नवा लिहितो. मोठ्या घरात याला पुष्कळ वेळ लागतो. मध्येच अधीर होऊन बटणे दाबू नयेत.

बॅटरीवरील सेन्सर मात्र या फेरीत सुटतात. बॅटरी वाचविण्यासाठी ते बहुतेक वेळ झोपलेले असतात, कंट्रोलरची हाक त्यांना ऐकूच येत नाही. प्रत्येकापाशी जाऊन, झाकण काढून, त्याचे बटण दाबून त्याला जागे करावे लागते आणि मग त्याची नोंद लिहावी लागते. पॅसेजमधील उजेड आठवडाभर न परतण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

कधी उलट घडते: दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर क्षणभर रेंगाळतो. त्या बटणाच्या वहीत मेलेल्या मोडेमचे नाव शिल्लक असते. ते त्याला पुनःपुन्हा हाक मारते आणि उत्तर न मिळाल्याने खोळंबते. एकाच बाजूला उरलेली अशी नोंद ताळेबंदातील न जुळणाऱ्या रकमेसारखी शोधून काढावी लागते. कंट्रोलरपाशी दोन वह्या ताडून पाहण्याची सोय असते, ती वापरावी.

सर्व नोंदी जुळूनही एखादी खोली मुकी राहिली, तर दोष वह्यांत नसून वाटेत आहे. नवा मोडेम संगणकाच्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचला असेल, तर त्यातील फिल्टर संदेश गिळून टाकतो. तो सरळ भिंतीतच हवा. फोनचे चार्जर, यूपीएस, स्वस्त एलईडी दिवे तारांत गोंगाट करतात. ते एकेक काढून पाहावेत. शिवाय अमेरिकी घरात 120 व्होल्टच्या दोन वेगळ्या शाखा येतात. एका शाखेवरचा संदेश दुसरीवर नेण्यासाठी दोन्हींवर रेडिओ असलेले एकेक उपकरण तरी लागते. बदललेला मोडेम दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला असेल, तर शाखाही बदललेली असू शकते.

2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले आणि कंपनीच्या अ‍ॅपवर विसंबलेली घरे एकदम मुकी झाली. ज्यांचा कंट्रोलर घरातच स्वतंत्र चालत होता, त्यांचे दिवे लागत राहिले. जूनमध्ये काही ग्राहकांनीच ती मालमत्ता विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. तरीही घराची सारी माहिती एकट्या मुलाच्या डोक्यात असणे हा धोका कोणतीही कंपनी दूर करू शकत नाही. काही घरांत आता फ्यूज बोर्डाच्या दाराला आतून एक कागद चिकटविलेला दिसतो: मोडेम कोणत्या सॉकेटमध्ये, बॅकअप कोठे, कोणता सेन्सर कोणत्या खोलीत, आणि सर्वात वर, मोठ्या मराठी अक्षरांत, पोर्चचा दिवा हाताने लावावयाचे बटण दरवाजाच्या डावीकडे.